तपासनिसाची तपासणी



एकाच निबंधाला एका परीक्षकाने १० पैकी ८ गुण द्यावेत आणि दुसऱ्याने ४, हा अनुभव या सभागृहात कोणालाही नवा नाही. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी ६४ गुण दिले, कोणी ९८! शतक उलटले, दुखणे मात्र कायम आहे.

कारण उघड आहे. अध्यापनशास्त्राच्या पदवीत मूल्यमापनाचे प्रकार पाठ होतात. पण शेजारी बसून ‘हे दोन गुण कशाबद्दल कापले?’ असे विचारणारा अनुभवी सहकारी क्वचितच लाभतो. परीक्षा मंडळाचा नियामक विचारतो खरा. परंतु निकालाच्या घाईत त्याला शिकविण्याची उसंत कुठली?

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरले आणि अनेकांना वाटले, आता गठ्ठेच यंत्राकडे सोपवावेत. हा मोह घातक आहे. २०१४ मध्ये एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी निरर्थक पण भारदस्त निबंध रचणारी एक संगणकीय प्रणाली तयार केली, आणि गुणदान करणाऱ्या तत्कालीन यंत्रांनी त्या निबंधांना उत्तम गुण दिले. आजची यंत्रे कितीतरी पुढे गेली आहेत; तरी मुलाच्या भवितव्याचा निवाडा त्यांच्या हाती देण्याचे कारण नाही.

यंत्राने मुलाची नव्हे, तपासनिसाची परीक्षा घ्यावी.

ती अशी. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर यंत्राकडून पाच निबंध लिहवून घ्यावेत. एकात विचार ताजा पण शुद्धलेखन ढिसाळ; दुसरा निर्दोष, पण मार्गदर्शकातून उचलल्यासारखा; तिसऱ्यात वऱ्हाडी मुलाची भाषा. (मुलांच्या खऱ्या वह्या नावानिशी यंत्रात घालणे सर्वथा गैर.) शिक्षकाने आधी स्वतः गुण द्यावेत आणि प्रत्येक गुणाचे कारण एका ओळीत लिहावे. मगच त्याच निकषांवर यंत्राचे गुण मागावेत. जिथे तफावत पडेल, तिथे खरा अभ्यास सुरू होतो.

वऱ्हाडी मुलाने आजीच्या तोंडी ‘मले’ घातले, तर ती चूक की चित्रण? निवेदनात घातले, तर प्रमाणभाषेचा गुण जाईल. पण तोच दोष धरून विचारांचाही गुण कापला गेला आहे का? शिक्षकाने लिहून ठेवलेली ओळ येथे त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. उलट, यंत्रही चुकते. शासनमान्य नियमांनुसार मराठीत ‘कवी’ दीर्घ. पण हिंदीच्या वळणाने यंत्र ‘कवि’ शुद्ध ठरवू शकते. ते पकडण्यासाठी शिक्षकाला नियम उघडून पाहावा लागतो, हा लाभ थोडा नव्हे.

पंधरवड्याने तेच निबंध क्रम बदलून पुन्हा तपासावेत. तेव्हा भांडण यंत्राशी राहत नाही. पंधरा दिवसांपूर्वीच्या स्वतःशीच होते. काहींना ते सर्वांत जड जाईल.

यासाठी संगणक-कक्षाची गरज नाही. मराठीच्या दोन शिक्षकांत एक भ्रमणध्वनी आणि शनिवारची शाळा सुटल्यानंतरचा तास पुरे. प्रारंभी पाचही निबंध नकोत. एकच घ्यावा, आणि दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता तो तपासावा.