सात मुले, एक स्वयंपाकघर आणि ९९० तास
(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'होमस्कूलिंग आणि विज्ञानशिक्षण' असा दिला आहे. होमस्कूलिंग म्हटले की आपल्याकडे चर्चा दोन मिनिटांत डार्विनवर जाते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. डार्विनवर मीही येणार आहे. पण आधी थोडे भांडी-कपड्यांबद्दल बोलू द्या, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

पेनसिल्व्हेनियात आमच्या घरापासून तिसरे घर एका ख्रिस्ती कुटुंबाचे आहे. सात मुले. थोरली मुलगी सोळा वर्षांची, शेंडेफळ दीड वर्षाचे. एकही मूल शाळेत जात नाही. वडील फर्नेस दुरुस्तीचा धंदा करतात, आई घरी शिकवते. गेली दोन वर्षे वरची तीन मुले दर शनिवारी माझ्याकडे रसायनशास्त्र शिकायला येतात. त्या निमित्ताने त्यांच्या स्वयंपाकघरात माझे जाणे-येणे असते.

न्याहारी झाली की टेबल पुसून त्याच टेबलावर शाळा भरते. पहिला तास सगळ्यांचा एकत्र. बायबल, मग आई मोठ्याने इतिहास वाचते. पाच वर्षांची मुलगी चित्र रंगवत ऐकते, थोरली बटाटे सोलत ऐकते. गणित मात्र एकत्र शिकवता येत नाही, म्हणून एकेक मोठे मूल एकेका लहानाला घेऊन बसते. वॉशिंग मशीनचा एक घाणा गणिताआधी, दुसरा जेवणानंतर. सूप करायचे ते दुप्पट, अर्धे फ्रीझरमध्ये. दुपारी शेंडेफळ झोपले की तासभर मिळतो, त्यात थोरलीचे बीजगणित. ते लवकर उठले तर बीजगणित उद्यावर जाते. बटाटे कधी उद्यावर जात नाहीत.

त्या बाईला नावे ठेवायला मी उभी नाही. प्रयोगशाळेत वीस वर्षे काढली, पण इतके काटेकोर नियोजन मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा पाव भाजतो. माझ्या मुलाला कुकरची शिटी का होते हे मी अजून समजावते आहे. आपल्या घरी दोन पगार, डिशवॉशर आणि पंधरा दिवसांनी येणारी सफाईवाली. तेव्हा जरा जपूनच बोललेले बरे.

आता कायदा. पेनसिल्व्हेनियाने १९८८ साली घरी शिकवण्याला रीतसर परवानगी दिली, आणि देशातल्या कडक कायद्यांत तो गणला जातो. दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यायचे. १८० दिवस, किंवा प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास शिकवायचे. तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित चाचणी. शिवाय मुलाच्या कामाची फाइल मूल्यमापकाला दाखवायची. पदवीपर्यंत गणित आणि विज्ञान तीन-तीन वर्षे. शिकवणाऱ्या पालकाला मात्र हायस्कूलचा डिप्लोमा पुरतो. उलट टेक्सासमध्ये वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व एवढेच विषय. विज्ञान त्या यादीतच नाही! आपल्याला राग येतो तो इथे, आणि तो योग्यच आहे.

पण आमच्या राज्याचा कडक कायदासुद्धा फक्त शिकणाऱ्याचे तास मोजतो. त्या तासांमागे कोणाचे किती तास गेले, हे कोणत्याच फाइलमध्ये येत नाही. केंद्र सरकारच्या शिक्षण सांख्यिकी विभागाने १९९९ साली पाहणी केली. तेव्हा घरी शिकणारी साडेआठ लाख मुले निघाली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक अशा घरांतली होती जिथे आईवडील दोघे आहेत, पण नोकरीधंदा एकच जण करतो. दुसरी व्यक्ती कोण, हे या सभागृहात सांगायला नको.

इथे मला आपलीच एक गोष्ट आठवते. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई याच राज्यात, फिलाडेल्फियाला आल्या. पुढच्या वर्षी त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याला आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे. रमाबाईंची आई लक्ष्मीबाई लेकीला पहाटे, घरकाम सुरू व्हायच्या आधी, जवळ घेऊन तोंडी धडे देत असे, असे त्यात वर्णन आहे. सगळे त्या वर्णनातल्या मायेवर बोलतात. मी वेळेवर बोलते. पहाटच का? कारण उजाडल्यावरचा वेळ लक्ष्मीबाईंचा नव्हताच, तो घराचा होता. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंच्या मुलीला दुसरी शाळा नव्हती. आमच्या गल्लीतून पिवळी बस रोज जाते.

मागच्या हिवाळ्यात मुलांना आलेख काढायला शिकवायचे होते. आकडे कशाचे घ्यायचे? मी म्हटले, प्रत्येकाने आठवडाभर आपापल्या घरकामाची नोंद करा. थोरलीचे निघाले २३ तास, चौदा वर्षांच्या भावाचे ६. तिने कुरकूर केली नाही, उलट खांब छान रंगवले. भाऊ म्हणाला, "पण मी बर्फ काढतो." मग बर्फ काढण्याचेही तास मिळवले, तरी साडेसातच झाले. आईने तो कागद पाहिला, काही बोलली नाही, फ्रिजवर लावला. पुढच्या आठवड्यापासून जेवणाची भांडी मुलाकडे गेली. त्यांच्या श्रद्धेत घर हे बाईचे क्षेत्र आहे, आणि ती श्रद्धा त्या कागदाने बदललेली नाही. तरीही चार तास इकडून तिकडे गेले. मी एवढ्याला कमी समजत नाही.

डार्विनचे राहिले. त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सृष्टी सहा दिवसांत झाली आहे. किरणोत्सर्गाचा धडा आला तेव्हा मी आईला आधीच सांगितले, की युरेनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षे आहे आणि मी ते तसेच शिकवणार. पटत नसेल तर त्या शनिवारी मुलांना पाठवू नका. तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "पाठवते. रात्री आम्ही घरी बोलू." मुले आली, गणिते सोडवली. घरी काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पण तो धडा होऊ शकला, कारण आधी दीड वर्ष आम्ही एकमेकींकडून सूप आणि साबुदाण्याची खिचडी नेत-आणत होतो. निषेधाचे पत्र पाठवून तो झाला नसता.

थोरलीला कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला जायचे आहे. मे महिन्यात तिची गणिताची प्रवेशचाचणी आहे आणि बीजगणित अजून अर्धे बाकी आहे. घरात सलग दोन तास मिळणे शक्य नाही, म्हणून बुधवारी दुपारी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसणार आहे. मी त्या वेळी लॅबमध्ये असते. आपल्यापैकी ज्यांचे बुधवारी घरून काम असते आणि ज्यांना दोन तास काढता येतील, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. पोळी-भाजी माझ्याकडून.