शब्दाची फोड आणि शब्दाचा अर्थ



‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द निघाला की आपल्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “अरबसुद्धा सेमिटिकच. मग मुसलमान अँटिसेमिटिक कसा असेल?” ऐकायला हे बिनतोड वाटतं, म्हणून जरा तपासून पाहू.

‘सेमिटिक’ हे भाषांच्या एका कुळाचं नाव. १७८१ मध्ये श्लोत्सर या जर्मन अभ्यासकाने ते वापरलं. अरबी, हिब्रू, अरामी या त्या कुळातल्या भाषा. ‘अँटिसेमिटिझम’ शब्द रूढ झाला तो पुढे शंभर वर्षांनी, राजकारणातून. १८७९ मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने तो लोकप्रिय केला आणि त्याच नावाचा संघही काढला. जुन्या ज्यूद्वेषाला त्याला वंशशास्त्राचा मुलामा द्यायचा होता. अरबांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. नोव्हेंबर १९४१ मध्ये हिटलर बर्लिनमध्ये जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांना भेटला. त्याच्या राजवटीने मारले ते सुमारे साठ लाख ज्यू.

मी सॉफ्टवेअरवाला. फंक्शनचं नाव काहीही असो, ते काय करतं हे आतला कोड ठरवतो. शब्दाचा अर्थही तो कशासाठी वापरला जातो त्यावरून ठरतो.

आता दुसरी बाजू. इस्रायल सरकारवर टीका करणं, गाझावरच्या बॉम्बहल्ल्यांचा निषेध करणं, पॅलेस्टिनींचे हक्क मागणं, हा ज्यूद्वेष नव्हे. कुणी हा शब्द वापरून आपलं तोंड बंद करू पाहत असेल, तर ठामपणे नाही म्हणा. पण “ज्यू सगळे असलेच”, “जगाचा पैसा त्यांच्याच मुठीत”, हिटलरची तारीफ करणारं स्टेटस, हा ज्यूद्वेषच आहे. त्याने गाझातल्या एकाही मुलाचं भलं होत नाही.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली आठवा. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात बोलायचे मराठी. तेल अवीवमधल्या निर्णयांचा जाब अलिबागच्या ज्यूला कसा विचारणार? जगात कुठेही स्फोट झाला की आपल्याकडे खुलासा मागतात. तेव्हा काय वाटतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून माझी एक सूचना आहे. मराठीत सरळ ‘ज्यूद्वेष’ म्हणा. मग अरब सेमिटिक की नाही, हा वाद उरत नाही. उरतो एकच प्रश्न: आपल्या बोलण्यात तो आहे की नाही?