पुनः पुनः फुगणारा कंडेन्सर



घरांत एखादें माणूस वरचेवर तापानें अंथरूण धरूं लागलें, तर शहाणा वैद्य दर खेपेस नुसती तापाची पुडी देऊन परत जात नाहीं. पाणी कोणत्या विहिरीचें, निजण्याची जागा कशी, डांस किती, हें तो विचारतो. घरांतील यंत्र वरचेवर बिघडूं लागलें म्हणजे मात्र आपण हा विवेक विसरतों. कारागीर येतो, फुगलेला भाग काढतो, नवा बसवितो व पैसे घेऊन जातो. आणि चार-पांच महिन्यांनीं तोच भाग, त्याच जागीं, पुनः फुगलेला सांपडतो. आज मला बोलावयाचें आहे तें अशाच एका भागाविषयीं. कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात, पुस्तकांत कपॅसिटर म्हणतात.

संगणक, दूरचित्रवाणीचा संच, मोबाइलचा चार्जर, पहाऱ्याचे कॅमेरे ह्यांपैकीं कोणालाही घरांतील वीज जशीच्या तशी चालत नाहीं. त्यांना ठराविक, कमी दाबाचा एकदिश प्रवाह लागतो. पूर्वीं हें काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्स्फॉर्मर करीत असे. आतां तें जी लहानशी, हलकी पेटी करते तिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात. ह्या पेटींत २३० व्होल्टची वीज प्रथम एकदिश केली जाते. त्या वेळीं तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. मग एक इलेक्ट्रॉनिक खटका ती वीज सेकंदाला पन्नास हजार ते एक लाख वेळां तोडतो व जोडतो. हे तुकडे फेराइटच्या चिमुकल्या ट्रान्स्फॉर्मरमधून जाऊन कमी दाबाचे होतात व पुनः एकदिश होऊन बाहेर पडतात.

ह्या तुकड्यांचा सलग प्रवाह करणें हें कंडेन्सरचें काम. पाणक्या हौदांत घागरीमागून घागर ओततो, पण तोटींतून धार एकसारखी पडते. ती हौद आहे म्हणून. कंडेन्सर हा विजेचा हौद समजा. फरक इतकाच कीं, येथें घागरी सेकंदाला लाखभर ओतल्या जातात.

त्याची रचना साधी आहे. अ‍ॅल्युमिनियमचे दोन लांब वर्ख, त्यांच्यामध्यें कागद, आणि तो कागद भिजविणारा एक द्रव. एका वर्खावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. विजेला अडवितो तो हाच. हें सर्व गुंडाळून अ‍ॅल्युमिनियमच्या डबींत घालतात व तोंड रबराच्या बुचानें बंद करतात. डबीच्या माथ्यावर फुलीसारखी खांच असते. आंत वायु कोंडला तर डबी न उडतां ती खांच फाटावी, ही त्यांतील योजना. माथा फुगलेला दिसला कीं आंत वायु झाला आहे, असें समजावें.

कंडेन्सरचें आयुष्य त्या द्रवांत आहे. उष्णतेनें तो बुचाच्या वाटेनें हळूहळू उडून जातो. द्रव घटला कीं कंडेन्सरचा अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला कीं तोच प्रवाह अधिक उष्णता उत्पन्न करतो. आणि त्या उष्णतेनें द्रव आणखी घटतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हें सूत्र आपण शाळेंत शिकलां आहां. कंडेन्सरमधून २ अँपिअर चढउताराचा प्रवाह जात आहे व रोध ०.०५ ओहम आहे असें धरा, उष्णता ०.२ वॅट झाली. रोध वाढून ०.२५ ओहम झाला कीं तीच १ वॅट होते. करंगळीच्या पेराएवढ्या डबीला १ वॅट म्हणजे थोडें नव्हे.

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस ह्यांनीं १८८९ सालीं उष्णतामान व रासायनिक क्रियेचा वेग ह्यांतील संबंध सूत्रांत मांडला. त्याच धोरणानें ह्या धंद्यांत एक ठोकताळा रूढ आहे. उष्णतामान १० अंश सेल्सिअसनें उतरलें कीं कंडेन्सरचें आयुष्य दुप्पट होतें. १० अंशांनीं चढलें कीं निम्में होतें. कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ असा अंशांचा आंकडा छापलेला असतो, आणि त्या उष्णतामानास तो किती तास टिकेल हें कारखानदाराच्या तक्त्यांत मिळतें. १०५ अंशांस २,००० तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांवर राहिला, तर चार वेळां दुप्पट करून ३२,००० तास होतात. अहोरात्र चालला तरी साडेतीन वर्षांहून अधिक. तोच ८५ अंशांवर राहिला तर ८,००० तास, म्हणजे अकरा महिने. आणि त्याच ऊबदार जागीं ८५ अंशांचा, २,००० तासांचा साधा कंडेन्सर बसविला तर तीन महिनेही पुरे होत नाहींत. दोहोंच्या किमतींत अंतर थोड्या रुपयांचें. आयुष्यांत अंतर चौपटीचें.

तेव्हां कंडेन्सर पुनः पुनः मरतो म्हणजे त्याला कोणी तरी मारीत आहे. तो कोण, हें शोधतांना पहिला प्रश्न हा कीं, पेटींतील कोणता कंडेन्सर मेला? कारण तीन जागा आहेत, आणि तिन्ही जागांचे वैरी निराळे आहेत.

पहिली जागा प्रवेशद्वाराची. येथें मोठा, बहुधा ४०० व्होल्टचा कंडेन्सर असतो. हा वारंवार फुटत असेल तर बाहेरच्या विजेचा दाब मोजावा. २३० व्होल्टला आंत ३२५ होतात. पण बाहेर २७० झाले तर आंत ३८० च्या वर जातात, आणि २९० झाले तर ४०० ची मर्यादा ओलांडली जाते. खेड्यापाड्यांत तीन फेजांच्या पुरवठ्याची न्यूट्रल तार सैल झाली, तर एखाद्या घरांतील दाब ह्याहूनही वर चढतो. अशा वेळीं पेटी कितीदां दुरुस्त केली तरी व्यर्थ. वायरमनला बोलावून तार घट्ट करवावी.

दुसरी जागा नियंत्रण करणाऱ्या चिपेजवळची. येथील कंडेन्सर बोराएवढा असतो, व पुष्कळदां तापणाऱ्या धातूच्या पंख्यांना चिकटून बसलेला असतो. हा बिचारा फुगत नाहीं, नुसता वाळतो. याची खूण मोठी चमत्कारिक आहे. यंत्र चालू असेंतों वर्षानुवर्षें चालतें. पण एकदां वीज जाऊन परत आली कीं सुरूच होत नाहीं, किंवा आंतून टिक्‌ टिक्‌ आवाज येत राहतो. लोक म्हणतात, विजेच्या झटक्यानें जळलें. वास्तविक तें आधींच दुबळें झालेलें असतें. चालत्या गाडीला ढकलावें लागत नाहीं, उभ्या गाडीला लागतें, इतकेंच.

तिसरी जागा बाहेर पडण्याच्या वाटेवरची, आणि बहुतेक तक्रारी येथल्याच. हिच्याविषयीं एक घडलेला प्रसंग सांगतों.

एका शाळेंत पहाऱ्यासाठीं आठ कॅमेरे होते. सर्वांना मिळून १२ व्होल्ट, ५ अँपिअरची एकच पेटी होती. दिवसा चित्र उत्तम दिसे. रात्रीं मात्र कॅमेरे मधूनच बंद पडत व आपोआप सुरू होत. नोंद पाहतां कधीं दोन मिनिटांचा, कधीं अर्ध्या तासाचा तुकडा गहाळ. कारागिरानें दोनदां फुगलेले कंडेन्सर बदलले. दोन्ही वेळां पांच-साडेपांच महिने सुरळीत गेले व पुनः तेंच. दुरुस्ती करूनही बिघाड होतो आणि तो रात्रींच होतो, त्या अर्थीं पहारेकरीच बटण बंद करीत असला पाहिजे, असा तर्क निघाला. बारा वर्षें इमानानें राहिलेल्या त्या माणसाला काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. त्या सुमारास मला पाहण्यास बोलाविलें.

प्रथम प्रवाह मोजला. दिवसा २ अँपिअर, रात्रीं साडेचार. अंधार पडतांच प्रत्येक कॅमेऱ्यांतील अवरक्त दिवे लागतात, त्यामुळें भार दुपटीहून वाढतो. दुबळी पेटी दिवसाचा भार सोशी आणि रात्रीचा भार येतांच खचे. बटणाला हात लावण्याची कोणाला गरजच नव्हती.

मग जागा पाहिली. पेटी पत्र्याच्या छपराखालीं, पश्चिमेच्या भिंतीवर, लांकडी कपाटांत कुलुपबंद होती. कंडेन्सरच्या अंगाला मीटरची उष्णतामापक तार लावून दार लावून घेतलें. दुपारीं ८० अंश, रात्रीं पूर्ण भारावर ७०. मध्यम ७५ धरूं. बदललेले कंडेन्सर पाहिले तर ८५ अंशांचे, साध्या प्रतीचे. हिशेब मांडला: ८५ ला २,००० तास, तर ७५ ला ४,००० तास, म्हणजे १६६ दिवस, साडेपांच महिने. कारागिरानें फसविलें नव्हतें व पहारेकऱ्यानें खोडी केली नव्हती. कंडेन्सर आपला ठरलेला काळ भरून मरत होता.

तिसरी गोष्ट पेटी उघडल्यावर दिसली. बाहेरच्या वाटेवर एक लहान रोधक सदैव तापत असतो. तो कंडेन्सरला अगदीं टेकला होता. दाब मात्र मोजतां बरोबर १२ व्होल्ट, व एकदिश करणारा डायोडही निर्दोष. हें पाहणें अवश्य असतें. कारण दाब चढत असेल किंवा डायोड गळत असेल, तर उत्तम कंडेन्सरही टिकत नाहीं.

उपाय मग सोपा होता. १०५ अंशांचे, ५,००० तासांचे, कमी अंतर्गत रोधाचे कंडेन्सर बसविले. रोधक उंच पायांवर उचलून दूर केला. पेटी उत्तरेच्या ओसरींत, हवेशीर जागीं हलविली. आणि दुसरी पेटी आणून चार-चार कॅमेरे वांटून दिले. आतां उष्णतामान ५५ च्या वर जात नाहीं. सूत्र अठरा वर्षें सांगतें. रबराचें बूच तितकें टिकेल अशी हमी मी देत नाहीं. पण तीन वर्षें झालीं, नोंद अखंड आहे. व्यवस्थापकांनीं पहारेकऱ्याला बोलावून, दोष तुझा नव्हता, असें सर्वांसमक्ष सांगितलें, हें त्यांना भूषणावह होय.

कंडेन्सर विकत घेतांनाही सावध असावें. मोठ्या डबीच्या पोटांत लहान कंडेन्सर दडवून विकण्याचे प्रकार घडलेले आहेत. कारखान्यांतूनही चूक होते. २००० सालानंतरच्या कांहीं वर्षांत तैवानमध्यें बनलेल्या कित्येक कंडेन्सरांतील द्रव सदोष निघाला. त्यांत वायु होऊन जगभरचे संगणक अकालीं बंद पडले. साध्या मीटरवर धारणशक्ति बरोबर दिसली म्हणजे कंडेन्सर चांगला, असेंही नाहीं. अंतर्गत रोध मोजणारा ईएसआर मीटर निराळा मिळतो, आणि ज्याला ह्या दुरुस्त्या करावयाच्या आहेत त्यानें तो बाळगावा.

शेवटीं एक गोष्ट कळकळीनें सांगतों. ज्याला माहिती नाहीं त्यानें ही पेटी उघडूं नये. वीज बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्यें ३०० व्होल्ट राहूं शकतात, व ते जीव घेण्यास पुरेसे आहेत. कारागिरानें तो स्क्रू-ड्रायव्हरनें ठिणगी पाडून रिकामा करूं नये. साध्या तारेच्या दिव्यांतून करावा, व मीटरनें खात्री करून घ्यावी. नवा कंडेन्सर बसवितांना ऋण बाजूचा पट्टा पाहावा. उलटा बसविला तर तो फुटतो. दुरुस्तीनंतर पहिल्यानें वीज देतांना शंभर वॅटचा दिवा मध्यें घालावा. आंत दोष असेल तर दिवा भगभगून पेटतो व पेटी वांचते.

ज्यांना पेटी उघडावयाची नाहीं, त्यांनाही एक काम करतां येईल. कारागीर नवा भाग बसवूं लागला कीं त्याला नम्रपणें विचारावें, "दादा, जुना कशानें गेला?" उत्तर मिळालें तर उत्तमच. न मिळालें तर जागा, ऊब आणि भार ह्या तीन गोष्टी आपण स्वतः पाहाव्या. आणि कारण हातीं लागेपर्यंत कोणा गरिबावर आळ घेऊं नये.