हे वय नव्हे, नैराश्य असू शकतं



आपल्या पहूरमध्ये ओट्यावर बसलेले एखादे बाबा तुमच्या ओळखीचे असतील.
हृदय कमकुवत झालंय.
चार पावलं चाललं की दम लागतो. पाय सुजतात.
औषधं सुरू आहेत.

पण हल्ली ते पारावर जात नाहीत.
कळण्याची भाकरीही अर्धी टाकतात.
“आता माझं काय राहिलंय,” म्हणतात.

घरचे म्हणतात, वय झालं.
नाही, मंडळी. हे वय नव्हे.
हे नैराश्य असू शकतं.
आणि त्यावर उपचार आहे.

हृदय कमकुवत असलेल्या दर पाच जणांत साधारण एकाला ते गाठतं.
ओळखायला मात्र अवघड.
थकवा, उडालेली झोप, मेलेली भूक दोन्ही आजारांत असते.
म्हणून एक खूण नीट पाहा.
आवडीच्या गोष्टींतला रस दोन आठवडे गेलाय का?

मन खचलं की गोळ्या चुकतात.
लघवीची गोळी तर आधीच नकोशी.
जळगावला एसटीने जायचं, वाटेत पंचाईत नको, म्हणून ती राहते.
मग अंगात पाणी साठतं. पुन्हा दवाखाना.

तेव्हा डॉक्टरांना छातीबरोबर मनाचंही सांगा.
दुकानातून परस्पर गोळी आणू नका.
मनाची काही औषधं अशा हृदयाला चालत नाहीत.

मनाच्या त्रासासाठीच्या ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: 14416.
पुन्हा सांगते. एक, चार, चार, एक, सहा.
फोन मोफत आहे, दिवसरात्र, मराठीतही.
बाबा मरणाची भाषा बोलले, तर थांबू नका.
त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच फोन लावा.