घरातील वीज : ओळख आणि खबरदारी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत विजेचे धडे आहेत. ओहमचा नियम आपली मुले धडाधड म्हणून दाखवतात. पण घरातला फ्यूज उडाला की वायरमनची वाट पाहत अंधारात बसतात. पुस्तकातली वीज आणि भिंतीतली वीज एकच आहे, हे आज मला सांगायचे आहे.

आपल्या घरात 230 व्होल्टचा पुरवठा येतो. वीजयुक्त तारेतून धारा येते, तटस्थ तारेतून परत जाते आणि मंडल पूर्ण होते. बटण हे मंडल तोडते वा जोडते. ते नेहमी वीजयुक्त तारेवरच हवे. चुकून तटस्थ तारेवर बसवले, तर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये वीज राहतेच. बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो.

घरातील दिवे-पंखे समांतर जोडलेले असतात. लग्नाच्या मांडवातील जुन्या माळा आठवा : त्या एकसर जोडणीच्या. एक दिवा गेला की सगळी रांग विझायची. समांतर जोडणीत प्रत्येक उपकरणाला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात आणि एक बंद पडले तरी बाकीची चालू राहतात. मात्र प्रत्येक नव्या उपकरणाबरोबर मुख्य तारेतील धारा वाढत जाते.

ती किती वाढते, हे पाचवीचा विद्यार्थीही काढील. उपकरणावरचे वॅट 230 ने भागा; उत्तर अँपिअरमध्ये येते. 1000 वॅटची इस्त्री सुमारे 4.3 अँपिअर घेते, 2000 वॅटचा गिझर 8.7. मग 6 अँपिअरच्या लहान सॉकेटवर गिझर कसा चालेल? त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि जाड तार हवी. धारा दुप्पट झाली की तारेतील उष्णता चौपट होते. प्लग काळा पडणे, जळका वास येणे, ही आगीची पूर्वसूचना समजावी.

अशा वेळी फ्यूज वितळतो किंवा एमसीबी पडते. काही घरांत वारंवार फ्यूज उडतो म्हणून तांब्याची जाड तार घालतात. हे म्हणजे पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणे! मग फ्यूजऐवजी भिंतीतली तार जळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फ्यूज आणि एमसीबी यांचे काम तारेचे रक्षण करणे. माणसाच्या रक्षणासाठी ती पुरेशी नाहीत. 16 अँपिअरची एमसीबी तेवढी धारा सहज जाऊ देते, आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी लहानसा अंशही पुरतो. म्हणून आरसीसीबी बसवावी. गेलेली आणि परत आलेली धारा यांत 30 मिलीअँपिअरचा फरक पडताच ती पुरवठा तोडते. तिच्यावरचे चाचणीचे बटण मधूनमधून दाबून पाहावे. अर्थिंगही तितकेच आवश्यक. प्लगची भूसंपर्काची पिन लांब असते ती उगीच नव्हे : ती आधी जुळते आणि शेवटी सुटते. ती कापून टाकू नका.

आपल्या अनेक घरांत दुबई-कुवेतहून आणलेली उपकरणे आहेत. त्यांच्या चौकोनी पिना आपल्या सॉकेटमध्ये काडी घालून बसवू नका. प्लग जाणकाराकडून बदलून घ्या. उपकरणावर 110 किंवा 127 व्होल्ट लिहिले असेल, तर ते थेट लावूच नका.

कोणाला वीज चिकटली तर हात लावू नका. प्रथम मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा आणि ताबडतोब डॉक्टरांची मदत घ्या.

पालकांना एक विनंती. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम ‘नापासांची वाट’ समजू नका. दहावीनंतर मुलाइतकाच तो मुलीलाही खुला आहे. मात्र अर्धवट शिकलेल्या हाताने भिंतीतल्या वायरिंगला हात घालू नये. ते काम परवानाधारकाचेच.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचा, बेरीज करा, 230 ने भागा. आरसीसीबी आहे का पाहा. नसेल तर वडिलांना तसे सांगा. परीक्षेतल्या गुणांपेक्षा हा हिशेब घराला अधिक उपयोगी पडेल.