टेक्सासमधलं दुहेरी मतदान



आपल्याकडे निवडणूक जवळ आली की एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला, याची चर्चा पारापासून चहाच्या टपरीपर्यंत रंगते. उमेदवारी कुणाला द्यायची हे पक्षाचे वरिष्ठ ठरवतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनचा ठोका पडेपर्यंत गावोगावचे कार्यकर्ते फोनकडे डोळे लावून बसलेले असतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मात्र सामान्य मतदारांच्या मतांवर ठरते. राज्याराज्यांत त्यासाठी होणाऱ्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, पण त्या मतांवरून निवडले जातात ते डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाणारे प्रतिनिधी. अधिवेशनात ज्याच्या बाजूनं निम्म्याहून अधिक प्रतिनिधी, तो पक्षाचा उमेदवार.

मतांचे प्रतिनिधी होतात कसे, हे आज मला तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठी एकच राज्य आणि एकच दिवस घेतो. राज्य टेक्सास, दिवस ४ मार्च २००८.

डेमोक्रॅटिक पक्षात तेव्हा हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात अटीतटीची लढत चालली होती. फेब्रुवारीत ओबामांनी एकामागून एक राज्यं जिंकली होती, आणि टेक्सास हातचं गेलं तर क्लिंटन यांना पुढं जाणं अवघड होतं. लोकांमध्ये उत्साह किती होता, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. ह्यूस्टनच्या वायव्येला प्रेअरी व्ह्यू नावाचं गाव आहे. तिथं कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ आहे. मुदतपूर्व मतदानाचं केंद्र गावात नव्हतं, ते होतं हेम्पस्टेडला, सुमारे ११ किलोमीटरवर. १९ फेब्रुवारीला हजाराहून अधिक विद्यार्थी महामार्गावरून चालत तिथं गेले आणि रांगेत उभे राहिले. मताचं मोल त्या मुलांना कळलं होतं.

४ मार्चच्या रात्री मतमोजणी झाली. क्लिंटन यांना जवळजवळ ५१ टक्के मतं पडली, ओबामांना ४७ टक्क्यांच्या थोडी वर. फरक सुमारे एक लाख मतांचा. क्लिंटन यांनी टेक्सास जिंकलं अशी बातमी जगभर गेली, आणि मतांपुरती ती खरीच होती. पण सगळे टप्पे पार पडल्यावर प्रतिनिधींचा हिशेब लागला तो असा: ओबामा ९९, क्लिंटन ९४.

हे घडलं कसं? टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे असे १९३ प्रतिनिधी निवडायचे होते. त्यांतले १२६ प्रायमरीच्या मतांवर आणि उरलेले ६७ कॉकसवर. कॉकस म्हणजे मतदारांची सभा. त्या दिवशी संध्याकाळी सातला मतदान संपलं, की सव्वासातच्या सुमारास त्याच मतदारानं पुन्हा आपल्या केंद्रावर यायचं, कागदावर नाव लिहायचं, सही करायची आणि आपण कुणाच्या बाजूचे ते नोंदवायचं. आपल्या ग्रामसभेच्या हजेरीपत्रकासारखाच प्रकार. तिथल्या संख्याबळावरून पुढच्या सभेला माणसं पाठवायची, तिथून जूनमधल्या राज्य अधिवेशनाला. एका निवडणुकीत एकाच माणसानं दोनदा कौल द्यायचा! तिथले लोक या पद्धतीला टेक्सासच्या एका नाचाचं नाव देत, ‘टू-स्टेप’.

आधी प्रायमरीचे १२६ पाहू. ते राज्याच्या सिनेटच्या ३१ मतदारसंघांत वाटलेले होते. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा, की ज्याला १५ टक्के मतं मिळाली त्याला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळायचे. हा नियम मला मनापासून योग्य वाटतो. त्याच दिवशी त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांनाही ५१ टक्क्यांच्या आसपासच मतं मिळाली. पण तिथं त्यांच्या पक्षात राज्यभरात आणि प्रत्येक मतदारसंघात निम्म्याहून अधिक मतं घेणाऱ्याच्या पदरात तिथलं सगळं टाकण्याची पद्धत होती. मॅकेन यांना १२१ प्रतिनिधी मिळाले आणि ३८ टक्क्यांच्या आसपास मतं घेणाऱ्या माइक हकबी यांना १६. टक्केवारी क्लिंटन यांच्याइतकीच, फळ मात्र किती वेगळं! हकबींना मत देणाऱ्या लाखो माणसांचा आवाज अधिवेशनापर्यंत जेमतेम पोहोचला.

प्रमाणाच्या पद्धतीतही एक खाच आहे. समजा एका मतदारसंघाला चार प्रतिनिधी आहेत आणि लढत दोघांत आहे. तुम्ही ६० टक्के मतं मिळवलीत, तरी वाटणी दोन-दोन अशीच होते. तिसरा प्रतिनिधी हवा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढं जावं लागतं. शेजारच्या मतदारसंघात तीन प्रतिनिधी असतील, तर तिथं ५१ टक्क्यांनाही दोन मिळतात. म्हणजे चारच्या ठिकाणी वीस टक्क्यांची आघाडी वाया जाते आणि तीनच्या ठिकाणी दोन टक्क्यांची आघाडी कामी येते. ओबामांच्या माणसांनी हा हिशेब मतदारसंघवार मांडून ठेवला होता. कुठं जोर लावायचा आणि कुठं लावून उपयोग नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. प्रत्येक मतदारसंघाला सारखे प्रतिनिधी नव्हते. २००४ आणि २००६ च्या निवडणुकांत जिथं डेमोक्रॅटिक उमेदवारांना भरपूर मतं पडली, तिथं प्रतिनिधी जास्त. ऑस्टिनच्या मतदारसंघाला आठ मिळाले, ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मतदारसंघाला सात. ही दोन्ही ठिकाणं ओबामांची. रिओ ग्रांदे नदीकाठी, मेक्सिकोच्या सीमेला लागून स्पॅनिशभाषक कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथं क्लिंटन यांना भरभरून मतं पडली, पण आधीच्या निवडणुकांत मतदान कमी झालेलं असल्यानं तिथल्या मतदारसंघांच्या वाट्याला तीन-चारच प्रतिनिधी आले होते. पक्षाशी निष्ठेनं राहणाऱ्या भागाला मान द्यावा, हा हेतू मला समजतो. पण दोन वर्षांपूर्वी शेजारी घरी बसला म्हणून आज उन्हात रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या मताचं वजन का घटावं? तरीही इथंवर क्लिंटनच पुढं होत्या, ६५ विरुद्ध ६१.

पारडं फिरलं ते सव्वासातच्या सभांत. कॉकसच्या ६७ पैकी अखेर ओबामांना ३८ मिळाले, क्लिंटन यांना २९. ओबामांचे तरुण कार्यकर्ते संघटित होते आणि त्यांनी माणसं परत केंद्रावर आणली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण रात्रपाळीची परिचारिका सव्वासातला कशी येणार? तान्हं मूल घरी असलेली आई कशी येणार? काठी टेकत सकाळीच मत देऊन गेलेल्या म्हाताऱ्यानं अंधारात पुन्हा यायचं कसं? कित्येक केंद्रांवर शाळेच्या वर्गात माणसं मावेनात, कागद पुरेनात, रांगा बाहेर अंगणापर्यंत गेल्या. क्लिंटन यांच्या बाजूनं या सभांविषयी तक्रारीही झाल्या. ज्या सभेला पोहोचायला मोकळी संध्याकाळ लागते, तिच्यावर एक तृतीयांश प्रतिनिधी सोपवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मत ओबामा जिंकले की क्लिंटन, यावर अवलंबून नाही.

पाच प्रतिनिधींचा हा फरक आकड्यानं लहानच. पण मागं पडलेल्या क्लिंटन यांना टेक्सासनं मोठी आघाडी द्यायला हवी होती, आणि लाखभर मतांनी जिंकूनही त्या तिथून पाच प्रतिनिधींनी मागं पडून बाहेर आल्या. ७ जून २००८ रोजी त्यांनी माघार घेतली.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत आपली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. तिथं नागरिक झालेले कुणी तुमच्या नात्यात असतील तर त्यांना विचारा, ते सांगतील. टेक्सासमध्ये मतदाराला पक्षाचं सभासद असावं लागत नाही. केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी एवढंच सांगायचं असतं. त्यामुळं आज तिथल्या प्रायमरीत मत देणं सोपं आहे.

आणि २००८ नंतर एक गोष्ट बदलली आहे. २०१६ च्या निवडणुकीआधी डेमोक्रॅटिक पक्षानं टेक्सासमधली ती दुहेरी पद्धत बंद केली. त्या वर्षी १ मार्चला क्लिंटन यांना तिथं ६५ टक्के मतं मिळाली आणि २२२ पैकी १४७ प्रतिनिधी. संध्याकाळी पुन्हा केंद्रावर यायची वेळ कुणावर आली नाही.