आधी मुलीला विचारा, मग दुकानात जा

(मित्रमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेलं भाषण. जागेअभावी थोडं संक्षिप्त केलं आहे.)



दर जूनमध्ये तुमची पत्रं येतात. पूर्वी त्यांत विचारलेलं असायचं, ‘यंदा ब्लँकेटं पाठवू की वह्या?’ गेल्या चार-पाच वर्षांत प्रश्न बदलला आहे. आता तुम्ही विचारता, ‘कॉलेजच्या मुलींना टॅबलेट देऊ की लॅपटॉप?’ आज मला त्याचंच उत्तर द्यायला सांगितलं आहे. पण त्याआधी आमची एक चूक तुमच्यासमोर कबूल करते, कारण मी जे काही शिकले ते त्या चुकीतूनच शिकले.

आमच्या मुली धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवरून येतात. बहुतेक पावरा आणि भिल्ल. काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. घरातून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच मुलगी. तिला विचारायला मोठी बहीण नसते, आणि कुठलं यंत्र घ्यावं हे सांगणारा मामा किंवा काकाही नसतो.

दोन वर्षांपूर्वी एका मंडळीने मोठ्या प्रेमाने रक्कम पाठवली. आम्ही हिशेब केला. एका बऱ्या नव्या लॅपटॉपच्या पैशांत त्या वेळी तीन टॅबलेट येत होते. तीन मुलींना मिळतील तर एकीलाच का द्यायचं, असं आम्हाला वाटलं. नऊ टॅबलेट घेतले. वाटपाच्या दिवशी फोटो काढले, ते याच अंकात छापूनही आले. सगळ्यांना आनंद झाला.

मार्च महिन्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याकडे सुट्टे पैसे मागायला आली. कशाला हवेत, विचारलं. खूप वेळ बोलेना. मग कळलं, तिचा बेचाळीस पानांचा प्रकल्प होता. तिने तो टॅबलेटवर एका बोटाने टाइप करायला घेतला होता. तक्ते जमेनात, आलेख बसेनात, कॉलेजच्या संगणकावर फाइल उघडली की पानं विस्कटलेली दिसत. शेवटी ती बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात गेली. पानाला वीस रुपये, म्हणजे बेचाळीस पानांचे आठशे चाळीस. वडिलांनी मोहफुलं विकून जे पैसे पाठवले होते, त्यातून तिने ते भरले. आता गावी जायला भाडं उरलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘अगं, आधी सांगायचंस ना!’ ती म्हणाली, ‘बाई, त्यांनी एवढ्या मायेने दिलं. चालत नाही असं कसं सांगायचं?’

भगिनींनो, ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. आपण विकत घेतलेली वस्तू नीट नसली तर आपण दुकानदाराशी भांडतो. दान मिळालेल्या वस्तूबद्दल गरीब माणूस बोलत नाही. म्हणून विचारण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते, आणि ती आम्ही पाळली नव्हती.

त्यानंतर आम्ही प्रत्येक मुलीला बोलावून एकच प्रश्न विचारायला लागलो: ‘तुला अभ्यासात जास्त काय करायचं असतं? वाचायचं आणि ऐकायचं, की लिहायचं आणि बनवायचं?’ निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

नर्सिंगच्या मुलीचं उदाहरण घ्या. जाड पुस्तकं, शरीराच्या आकृत्या, ड्यूटीच्या मधल्या वेळात दहा मिनिटं काढून केलेलं वाचन. तिला टॅबलेट फार उपयोगी पडला. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पिशवीत मावतो, आकृती बोटांनी मोठी करून बघता येते. त्या नऊ टॅबलेटपैकी दोन नर्सिंगच्या मुलींकडे गेले, आणि ते आजही रोज वापरात आहेत.

कॉमर्सच्या मुलीचं तसं नाही. तिला टॅली शिकायचं असतं, आणि टॅली विंडोजच्या संगणकावर बसवायचा प्रोग्रॅम आहे. एक्सेल टॅबलेटवर उघडतं खरं, पण सगळ्या सोयी तिथे नसतात. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या मुलीला ऑटोकॅडवर नकाशे काढायचे असतात, संगणकशास्त्राच्या मुलीला प्रोग्रॅम लिहायचे असतात. त्यांना लॅपटॉपच लागतो. बी.ए.च्या मुलीला आधी टॅबलेट पुरतो, पण प्रकल्प आणि शोधनिबंध लिहायची वेळ आली की तिलाही कीबोर्ड हवा होतो. टॅबलेटला वेगळा कीबोर्ड जोडता येतो, त्याने बोटांचा त्रास वाचतो. प्रोग्रॅम मात्र मोबाइलचेच राहतात.

अजून एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक मुलीकडे साधा का होईना, स्मार्टफोन असतो. व्हिडिओ बघणं, सूचना वाचणं, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर गेला ते पाहणं, हे ती फोनवर करतेच. टॅबलेट म्हणजे बऱ्याच अंशी तोच फोन, मोठा करून दिलेला. तिच्याकडे जे मुळीच नाही ते लिहिण्याचं साधन आहे. म्हणून एखाद्या मुलीबद्दल काहीच माहिती नसेल आणि तरी निवड करायची असेल, तर मी लॅपटॉपच्या बाजूने मत देईन. तीन जणींत एक लॅपटॉप असला तरी चालेल.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं, ते सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिलं, रॅम ८ जीबी असावी. चार जीबीचा लॅपटॉप स्वस्त मिळतो, पण दोन-तीन गोष्टी एकदम उघडल्या की अडकतो. रॅम पुढे वाढवता येईल का, तेही विचारा. काही लॅपटॉपमध्ये ती आतल्या पट्टीलाच कायमची जोडलेली असते.

दुसरं, साठवणुकीसाठी एसएसडी असावी, निदान २५६ जीबीची. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. आमच्या मुली जीपमधून घाटाच्या रस्त्याने घरी जातात, आणि चालू यंत्राला हादरा बसला तर तबकडी खराब होऊ शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही, शिवाय लॅपटॉप चटकन सुरू होतो. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीच जागा असते. ती विंडोजच्या अपडेटनेच भरत येते. त्या मोहात पडू नका.

तिसरं, पडदा चौदा इंचांच्या आसपास आणि वजन दीड किलोच्या जवळपास. टचस्क्रीन, रंगीत दिवे, खेळांसाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, यावर पैसे घालवू नका. नकाशे काढणाऱ्या मुलीसाठी मात्र तिच्या शिक्षकांना विचारून थोडं वरचं यंत्र घ्या.

चौथं, जमलं तर टाइप-सी चार्जरवर चालणारा घ्या. चार्जर जळाला तर दुसरा सहज मिळतो, फक्त तो लॅपटॉपला पुरेल इतक्या वॅटचा असावा लागतो. आमच्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो. म्हणून प्रत्येक लॅपटॉपसोबत एक स्पाइक गार्डही द्या.

विजेबद्दल पुष्कळ जण विचारतात, ‘लॅपटॉपला फार वीज लागत असेल ना?’ साधा लॅपटॉप एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण ५० ते ६० वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये साधारण सोळा ते वीस वेळा चार्ज होतो. टॅबलेटला त्याच्या निम्मीच वीज लागते. वसतिगृहात त्यामुळे काही अडत नाही. अडतं ते सुट्टीत, पाड्यावर, जिथे वीज जाते आणि दोन-दोन दिवस येत नाही. अशा घरी जाणाऱ्या मुलीने धडे आधीच उतरवून न्यावेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोफत उतरवून घेता येतात. साध्या दर्जाचा तासभराचा व्हिडिओ सुमारे अर्धा जीबी जागा घेतो, त्यामुळे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दोन-तीन तासांचे धडे निघतात. डोंगरात रेंज शोधत फिरावं लागत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण जुने लॅपटॉप देऊ करता. त्याबद्दल मनापासून आभार, आणि एक विनंती. विंडोज १० ला मिळणारं नेहमीचं संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असा लॅपटॉप फेकून देऊ नका. त्यावर लिनक्स आणि लिबरऑफिस मोफत बसवता येतं, आणि लिहिणं, वाचणं, तक्ते करणं उत्तम चालतं. फक्त तो टॅलीच्या मुलीला देता येत नाही, इतकं आम्हाला आधी कळलेलं बरं. पाठवण्यापूर्वी तुमचे फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, पासवर्ड काढून टाका, आणि चार्जर सोबत द्या. मागे एकदा पाच लॅपटॉप आले आणि चार्जर दोनच होते. उरलेले तीन आणायला आमचे साडेचार हजार रुपये गेले.

आता मराठीबद्दल. मुलींना मराठी टाइप करायला पहिल्याच आठवड्यात शिकवा. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचा. डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं अशी त्याची साधारण मांडणी आहे, आणि पंधरा दिवसांत हात बसतो. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठल्याही यंत्रावर तसंच दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांची खिचडी होते. आमच्या एका मुलीने इनस्क्रिप्ट शिकून आधी मराठीचा निबंध लिहिला, आणि मग सुट्टीत आजीकडून ऐकलेल्या गोष्टी पावरीत टाइप करून आणल्या. पावरी देवनागरीत लिहिली की तोच कीबोर्ड चालतो. तिची आजी शाळेत गेलेली नाही. आपलं बोलणं पडद्यावर आल्याचं तिला वाचून दाखवलं तेव्हा ती नातीला म्हणाली, ‘यात माझा आवाजपण भर.’ मग नातीने तोही भरला.

शेवटचा मुद्दा, वस्तू दिल्यानंतरचा. लॅपटॉप विकत घेतला की खर्च संपत नाही. तीन-चार वर्षांत बॅटरी मंदावते, चार्जर तुटतो, एखादी कळ निघते. घरी येऊन दुरुस्तीची हमी कागदावर असली तरी तो माणूस पाड्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आम्ही आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या, दुरुस्ती स्वतः करणाऱ्या दुकानातून घेतो, बिल जपून ठेवतो, आणि प्रत्येक लॅपटॉपमागे दोन हजार रुपये दुरुस्तीसाठी बाजूला काढतो. तुम्ही लॅपटॉप देणार असाल तर हे दोन हजार त्यात धरा.

मालकी कोणाची, हेही पहिल्या दिवशी सांगा. आमच्याकडे पहिलं वर्ष लॅपटॉप वसतिगृहाचा असतो. दुसऱ्या वर्षाला गेली की तो मुलीचा, तिच्या नावाच्या कागदासह. याचं एक कारण आहे. एका मुलीचे वडील लॅपटॉप बघून म्हणाले होते, ‘एवढ्यात बैल आला असता.’ ते चुकीचं बोलले नाहीत. ज्या घरात बैल म्हणजे वर्षाची भाकरी, तिथे हा विचार येणारच. आम्ही त्यांना वसतिगृहात बोलावलं, मुलीने त्यांच्याच शेताचा जमाखर्च तक्त्यात मांडून दाखवला: बियाणं किती, मजुरी किती, व्यापाऱ्याने काय दिलं. बराच वेळ ते आकड्यांकडे बघत राहिले. जाताना म्हणाले, ‘हे जपून ठेव.’ कागद तिच्या नावाचा असतो म्हणून तो लॅपटॉप अडचणीच्या वेळी गहाण पडत नाही.

तर माझं मागणं सोपं आहे. यंदा वस्तू घेण्याआधी आमच्याकडून यादी मागवा. प्रत्येक मुलीपुढे तिचा अभ्यासक्रम आणि तिनेच सांगितलेली गरज लिहिलेली असेल. यंदाच्या यादीत सात लॅपटॉप आहेत, दोन टॅबलेट, आणि एका मुलीने लिहिलं आहे, ‘मला फक्त कीबोर्ड आणि चष्मा.’ तिच्याकडे टॅबलेट आहे. तो त्याच नऊपैकी एक.

बेचाळीस पानांवाली ती मुलगी पास झाली. आता शेजारच्या तालुक्यात शिकवते. मागच्या महिन्यात येऊन गेली तेव्हा तिने माझ्या हातात आठशे चाळीस रुपये ठेवले आणि म्हणाली, ‘बाई, दुरुस्तीच्या पैशांत टाका.’ ते आज मी त्या खात्यात जमा केले आहेत. त्यांच्या शेजारी तुमचंही काही पडो, आणि तुमच्या हातून होणाऱ्या कामावर देवाचा आशीर्वाद राहो.